उलट्या बाणांची चाकं

१

सरांची गाडी शेडमध्ये टपावर उलटी ठेवली होती, चारही चाकं वर. पाठीवर पडलेल्या झुरळासारखी. गेलेल्या माणसाच्या गाडीला असली उपमा देऊ नये हे मला कळतं, पण तिथे उभा असताना मला तीच सुचली आणि अजून दुसरी सुचलेली नाही.

आमचं मासिक मोटारींचं. दर हिवाळ्यात आम्ही टायरांची तुलना छापतो. उन्हाळी टायर, हिवाळी टायर आणि बाराही महिने चालतो म्हणून विकला जाणारा बारमाही टायर. कोरड्या रस्त्यावर कुठला बरा, पाण्यात कुठला, बर्फावर ब्रेक दाबल्यावर कुठला थांबतो, प्रत्येकाला दहापैकी गुण. लोक तो अंक जपून ठेवतात आणि त्यावर विसंबून टायर घेतात. हे गुण देणारे आमचे मुख्य परीक्षक म्हणजे सर. चाचणी केंद्र डोंगरावर, गाव खाली, आणि मध्ये घाट. घाटात एक आडवं वळण आहे, त्याला सगळे कोपर म्हणतात. तिथेच सरांची गाडी मागून फिरली आणि कठडा ओलांडून खाली गेली.

मी मासिकाचा मुद्रितशोधक. सगळे मला मास्तर म्हणतात, पण मी कधी कोणाला शिकवलेलं नाही. गाडीही कधी चालवलेली नाही. चुका शोधण्यात जन्म गेला, आणि त्यातही माझ्या नजरेतून किती सुटल्या असतील याचाच विचार मी झोपताना करतो.

"विमेवाल्या बाई बघेपर्यंत जशी सापडली तशीच राहू द्या," असं फौजदारांनी सांगितलं होतं, म्हणून क्रेनने ती उलटीच आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी गाडीवरचा बर्फ वितळला आणि मोटार निरीक्षकांना दोष सापडला. हिवाळी टायरांना एक बाण असतो. चाक त्याच दिशेने फिरलं पाहिजे. पुढच्या दोन चाकांचे बाण बरोबर होते. मागच्या दोन्ही चाकांचे उलटे.

"डावं चाक उजवीकडे, उजवं डावीकडे," निरीक्षक म्हणाले. "फिटरचा हलगर्जीपणा. एक माणूस हकनाक गेला."

तो फिटर म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी त्यांना दाजी म्हणतो, आणि माझ्यामुळे आता सगळं केंद्रच त्यांना दाजी म्हणतं. सरांच्या गाडीला नवे हिवाळी टायर त्यांनीच त्या दुपारी बसवले होते. गाडी शेडमध्ये येण्याआधीच फौजदार त्यांना चौकशीसाठी चौकीवर घेऊन गेले होते. आता विमा कंपनीच्या सर्वेक्षकांनी अहवालावर सही केली की मनुष्यवधाचा गुन्हा.

धाकटी शेडच्या दाराशी उभी होती. रडून झालेलं होतं.

"दादा, ह्यांनी चाक उलटं बसवलं असेल असं तुला वाटतं?"

"नाही."

"मग तोंड उघड की. एरवी घरातसुद्धा शुद्धलेखनाच्या चुका काढतोस."

इतक्यात सर्वेक्षक बाई आल्या. ठेंगण्या, जाडजूड, गळ्याभोवती मफलर, नाक लाल झालेलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, शिंकल्या, पेन काढलं, आणि सही करण्याऐवजी त्याच पेनने कान खाजवला.

"मला टायरातलं ओ की ठो कळत नाही. कोण समजावून सांगेल?"

"मी आहे ना!" कप्तान पुढे झाला. सरांच्या हाताखालचा हा परीक्षक. उंच, हसरा, एके काळी शर्यतीत गाड्या पळवणारा.

"तुम्ही गाडी चालवता?"

"तोच तर धंदा, बाई."

"मग नको. चालवणारे फार भरभर बोलतात." त्यांनी आमच्याकडे नजर फिरवली आणि ती नेमकी माझ्यावर थांबली. "हे चालवत नसावेत. बुटांवरून कळतं."

२

मी सांगायला सुरुवात केली आणि प्रत्येक वाक्यानंतर "म्हणजे मला असं वाटतं" असं जोडत राहिलो. बाईंनी शेवटी हात वर केला.

"तुम्हाला वाटतं ते राहू द्या. छापलंय काय ते सांगा."

ते सोपं होतं. उन्हाळी टायरचं रबर थंडीत टणक होतं. खाच कितीही खोल असली तरी गारठलेल्या रस्त्यावर ते पाटीसारखं घसरतं. हिवाळी टायर थंडीतही मऊ राहतो, त्याच्या बारीक चिरा बर्फाला धरतात, पण उन्हाळ्यात तोच लवकर झिजतो आणि ब्रेक लावल्यावर लांब जाऊन थांबतो. बारमाही टायर दोन्हींच्या मधला. जिथे हिवाळा सौम्य आणि रस्ता सपाट, तिथे तो पुरतो.

"आणि इथल्यासारख्या घाटात?"

"घाटात मधलं काही चालत नाही, असं सर दर वर्षी लिहायचे."

"आता मला सांगा, बाण उलटा बसला तर गाडी दरीत जाते?"

मी चाचरलो. समोर निरीक्षकांचा अहवाल होता, आणि मी कोण? पण तो मजकूर मी स्वतः तपासला होता, अक्षरन् अक्षर आठवत होता. "एका वर्षी सरांनी मुद्दाम उलटे बसवून चालवून पाहिले होते. ब्रेक थोडा उशिरा लागतो, आवाज जास्त येतो. त्यांनी लिहिलं होतं, गाडी कुरकुरते, पण फिरत नाही."

"फिरत नाही." बाईंनी नाक पुसलं. "मग ही कशी फिरली?"

"चारही टायर नवे हिवाळी असताना? मला नाही सांगता येणार."

"मागून फिरायला काय लागतं?"

"पुढे पकड आणि मागे नसणं. म्हणून सर दर अंकात चौकट टाकायचे की दोनच हिवाळी टायर कधीही बसवू नका. पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी असले तर गाडी निघते छान, ब्रेकही छान लागतो. चालवणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. उतारावरच्या वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मागचा भाग सुटतो. कळेपर्यंत..."

शेडच्या पत्र्यावर बर्फाचे बारीक दाणे पडत होते, कोणीतरी मोहरी निवडत असल्यासारखे.

बाई चाकांजवळ गेल्या. चाकं त्यांच्या छातीच्या उंचीला येत होती. त्यांनी हातमोजा काढला आणि पुढच्या टायरवरून तळवा फिरवला. तळव्याला तांबडी पूड लागली. घाटात रस्ता गोठला की बांधकाम खातं जी तांबडी खडी टाकतं, तिची. मग मागच्या टायरवरून हात फिरवला आणि त्या थांबल्या.

"मास्तर, इकडे या. हे केस कसले?"

नव्या टायरला साच्यातून निघताना रबराचे बारीक तंतू राहतात, बाळाच्या जावळासारखे. मी बोट लावलं. मऊ, सगळे जागच्या जागी. पुढच्या टायरवर त्यांचा मागमूस नव्हता. ते रस्त्यावर झडून जातात, वळणावळणाच्या घाटात तर पहिल्या फेरीतच.

मी दोन वेळा हात लावून पाहिला. माझ्या बोटांवरही माझा फारसा विश्वास नसतो.

"बाई," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "ही मागची चाकं रस्त्यावर कधी फिरलीच नाहीत."

३

बाईंनी एकेकाला कचेरीत बोलावलं. मला कोपऱ्यात बसवलं, "तुमच्या चेहऱ्यावर खरंखोटं उमटतं, मला उपयोगी पडेल," असं म्हणून.

संपादक आले ते नखं कुरतडतच.

"त्या दुपारी तुम्ही कुठे होता?"

"सरांबरोबर बैठकीत. अंधार पडायला लागेपर्यंत. मध्ये एकदा फोनला उठलो असेन. अहो, आम्ही भांडत होतो, लपवून काय करू? त्यांना बारावं पान बदलायचं होतं. गेल्या वर्षीच्या अंकात आमच्या हातून चूक झाली असं छापायचं म्हणे! कोणी मासिक असं छापतं का?"

"कसली चूक?"

"बर्फावरच्या ब्रेकची. बारमाही टायरची. सविस्तर मला नाही माहीत. मी तांत्रिक गोष्टींत पडत नाही."

"तुम्हाला चाक बदलता येतं?"

"मला?" संपादक इतके दचकले की बाईंना हसू आलं. "एकदा पंक्चर झालं होतं तर मी घरी बायकोला फोन केला."

सरांनी त्या दिवशी जेवण झाल्यावर मला सांगितलेलं मला आठवलं. ते माझ्या टेबलाशी आले होते, हाताला रबराचा वास. "मास्तर, बाराव्या पानावरचा तो गेल्या वर्षीचाच नऊ काढा. बारमाहीचा, बर्फावरचा. आज सकाळी मी स्वतः चालवून पाहिलं. तिथे कोणी चालवलीच नव्हती गाडी. खुर्चीत बसून भरलेला आकडा आहे तो." मी विचारलं, काय घालू? "जागा मोकळी ठेवा, उद्या सांगतो." आमच्या खोलीत आणि परीक्षकांच्या खोलीत नुसती प्लायवूडची भिंत आहे. पलीकडे कप्तान शीळ घालत होता, तो नेहमीच घालतो. ती शीळ मध्येच थांबली होती. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं.

मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी रुमालाची घडी उलटी केली.

कप्तान आला आणि खुर्ची उलटी फिरवून तिच्यावर बसला. "विचारा, बाई. आमच्या दाजींना वाचवायचं असेल तर मी हवं ते सांगतो. म्हातारा माणूस, एखाद्या वेळी होतो हात इकडचा तिकडे."

"सर गाडी काढायच्या आधी टायर बघायचे का?"

"हमखास! दाराजवळचं पुढचं चाक. त्यावर नख दाबायचे, डॉक्टर पोट तपासतात तसं. आम्ही चिडवायचो त्यांना."

"फक्त पुढचं?"

"दाराजवळचं." त्याने खुर्चीची पाठ थोपटली. "वाईट वाटतं हो. माझे गुरू होते. उन्हाळ्यात मी टायर कंपनीत चाचणीप्रमुख म्हणून जाणार, तर सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला होता."

"कुठली कंपनी?"

त्याने नाव सांगितलं. नऊ गुणांचा तो बारमाही टायर त्याच कंपनीचा होता.

दाजींना भेटायला आम्ही चौकीवर गेलो. बाकावर बसून ते स्वतःचेच हात बघत होते.

"दादा, मी रोज बाण बघतो. पण आता मलाच शंका यायला लागलीये. सगळे म्हणतायत तर झालं असेल का माझ्याकडून?"

शंका हा माझा प्रांत. दाजींच्या तोंडी ती ऐकवली नाही.

"काढलेली उन्हाळी चाकं कुठे ठेवलीत?" बाईंनी विचारलं.

"मांडणीवर. चारही पुसून, सरांच्या कप्प्यात. दुपारचा चहा व्हायच्या आत."

"आणि घाटात खडी कधी पडली?"

"संध्याकाळकडे. मोसमातली पहिलीच. खडीची गाडी वर आली तेव्हा मी दुसऱ्या कामाला लागलो होतो."

परत आल्यावर आम्ही सरळ मांडणीपाशी गेलो. लोखंडी फळ्यांवर काळी चाकं छतापर्यंत, मध्ये जेमतेम एका माणसापुरती वाट. सरांच्या कप्प्यात चार उन्हाळी चाकं होती. दोन स्वच्छ पुसलेली. उरलेल्या दोघांच्या खाचांत बाईंनी केसातला आकडा काढून टोचला.

तांबडी खडी बाहेर पडली.

४

"आता मला सरळ करून सांगा," बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरची पत्र्याची छोटी मोटार उचलली. कागद उडू नयेत म्हणून सर ती वापरायचे.

"दुपारी दाजींनी चारही हिवाळी बसवले," मी म्हणालो. "सर बैठकीत असताना कोणीतरी मागचे दोन काढून सरांचीच उन्हाळी चाकं परत लावली. हिवाळी दोन मांडणीवर ठेवली. सरांनी पुढचं चाक चाचपलं, ते मऊच होतं. अंधारात, धुक्यात मागचं कोण बघणार? ते निघाले आणि..."

"आणि कोपरावर पोचले. पुढे?"

"गाडी शेडमध्ये आल्यावर त्याच माणसाने पुन्हा अदलाबदल केली. खडीवरून गेलेली उन्हाळी मांडणीवर, कोरी हिवाळी गाडीला."

"घाईत पुसायची राहिली. आणि बाण?"

तिथे माझी गाडी अडली. बाईंनी पत्र्याची मोटार माझ्यापुढे सरळ ठेवली.

"फिटर चाक बसवताना बाण कुठे बघतो?"

"वरच्या बाजूला. वर बाण पुढे, म्हणजे बरोबर. दाजी ते न बघताही करतात. त्यांच्या हातालाच ती सवय आहे."

बाईंनी मोटार उलटी केली. चाकं वर.

"आता वरची बाजू म्हणजे चाकाची कुठली?"

मी बघत राहिलो. जी बाजू वर दिसत होती ती रस्त्याला टेकणारी होती. गाडी पुढे जाताना चाकाची तीच बाजू मागे जाते. उलट्या गाडीवर ज्याने वरचा बाण पुढे केला त्याने चाक हमखास चुकीचं बसवलं. एक नाही, दोन्ही.

"अडाणी माणसाचं एखादं चुकून बरोबर बसलं असतं," बाई म्हणाल्या. "दोन्ही सफाईने चुकली आहेत. ही हाताला सवय असलेल्या माणसाची चूक आहे, आणि ती फक्त उलट्या गाडीवर होऊ शकते. उलटी गाडी शेडमध्ये आली तेव्हा दाजी चौकीवर होते. शेडची किल्ली कचेरीतल्या खिळ्याला असते. त्या संध्याकाळी आणि रात्री इथे कोण होतं?"

"संपादक. कप्तान." मी थांबलो. "मी."

"तुम्हीही संशयित आहात, मास्तर. पण तुम्हाला चाक उचललं तर उसण भरेल. आणि संपादक बायकोला फोन करतील."

"मग फौजदारांना सांगू या!"

"काय सांगू? शीळ थांबली म्हणून? वकील मला हसेल. ज्याने कोणी केलं त्याचा हात त्या चाकांना लागलेला मला दाखवता आला पाहिजे. नाहीतर दाजी सुटतील, पण कायमचे संशयात राहतील. तुमच्या बहिणीला ते चालेल?"

चहाच्या वेळी बाई सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाल्या, "उद्या सकाळी निरीक्षकांना घेऊन येते. मांडणीवरची सरांची उन्हाळी चाकं तपासायची आहेत. तोवर सही थांबली." आणि त्या फोन करायला आत गेल्या.

संपादक नखं चावत होते. कप्तानने चहात आणखी साखर घातली.

दिवस कलायला लागला तेव्हा बाई मांडणीच्या खोलीतून परत आल्या. येताना माझ्याकडे बघून त्यांनी दोन बोटं दाखवली आणि मूठ मिटली. दोन चाकं गेली होती.

बाहेर कप्तान आपल्या गाडीची काच पुसत होता.

"कप्तान," बाईंनी हाक मारली, "आम्हाला दोघांना खाली सोडाल का? माझ्या नाकाला ही थंडी झेपत नाही."

तो नाही कसं म्हणणार? "या की. मास्तर, तुम्ही मागे बसा."

मी जागचा हललो नाही. बाई माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पट्टा लावा, मास्तर. नीट."

५

पहिल्या वळणावर माझ्या पाठीमागे डिकीत काहीतरी जड सरकलं आणि धप्पकन आदळलं. दुसऱ्या वळणावर ते परत दुसऱ्या बाजूला गेलं.

"सामान सैल झालंय वाटतं," बाई म्हणाल्या.

"हत्यारं आहेत."

"गोल दिसतायत."

कप्तान हसला, पण आरशात त्याचे डोळे माझ्यावर आले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला नुसतं पांढरं धुकं, आणि त्यात कुठे कठडा संपतो ते कळत नव्हतं. आज खडी पडलेली नव्हती. रस्ता काचेसारखा चमकत होता.

त्याने शीळ घालायला सुरुवात केली.

"तुमच्या गाडीला कुठले टायर?" बाईंनी विचारलं.

"बारमाही. बसवा आणि विसरा. नऊ गुणांचे आहेत, मास्तरांना विचारा."

"कोणी दिले नऊ?"

"मीच."

"बर्फावर चालवून?"

शीळ थांबली.

घरी धाकटी दाराकडे डोळे लावून बसली असेल, हा एवढाच विचार मी धरून ठेवला होता. कप्तानने वेग वाढवला की काय ते मला नक्की सांगता येणार नाही. झाडं जरा लवकर मागे जायला लागली, एवढं खरं.

"बाई," तो शांतपणे म्हणाला, "तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

"डिकी उघडून पाहिजे. पण इथे नको. कोपराच्या पुढे."

"कोपराच्या पुढे काय आहे?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. कोपराचं वळण उलगडलं आणि फौजदारांची जीप रस्त्यात आडवी दिसली, दिवा फिरत असलेली.

कप्तानने ब्रेक दाबला.

काहीच झालं नाही. म्हणजे मला तसं वाटलं. गाडी आहे त्याच वेगाने पुढे जात राहिली, मुकाट्याने, एखादं ताट ओल्या ओट्यावरून सरकावं तशी. कप्तानने स्टिअरिंग फिरवलं तरी ती वळली नाही. तो मोठ्याने "थांब, थांब" म्हणत होता, आणि ते तो गाडीला म्हणत होता. फौजदार आणि शिपाई बाजूला उड्या मारताना दिसले. डिकीतली दोन्ही चाकं पुढे येऊन माझ्या पाठीवर आदळली. मग कठडा. दगड फुटल्याचा आवाज. आणि पुढचं एक चाक हवेत.

खालून वारा येत होता.

"मला वाटलं होतं नुसती घसरेल," कप्तान म्हणाला. त्याचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते. "खडकाला घासेल. सर आठ दिवस अंथरुणात पडतील आणि अंक छापून जाईल. मला त्यांना मारायचं नव्हतं हो, मास्तर."

बाईंनी रुमाल काढला, पण शिंक आली नाही.

"कुठल्या बाजूला घसरेल ते तुम्ही कुठे ठरवणार होता?" त्या म्हणाल्या. "आता हळूच मागे रेला, सगळ्यांनी. मास्तर, तुम्ही आधी उतरा."

६

दाजी दुसऱ्या दिवशी घरी आले. धाकटीने त्यांना जेवायला वाढलं आणि समोर बसून राहिली. जेवण झाल्यावर त्यांनी मला खुणेने बोलावलं.

"दादा, ती उलटी गाडी बघायची होती मला एकदा. मी असतो तर कसा बसवला असता बाण?"

"बरोबर बसवला असता."

"तुला काय ठाऊक?"

मला ठाऊक नव्हतं. तरी मी म्हणालो, "मला ठाऊक आहे." इतक्या ठामपणे मी आयुष्यात क्वचितच काही बोललो असेन. धाकटीने माझ्याकडे चमकून पाहिलं.

बारावं पान अजून माझ्या टेबलावर होतं. सर "उद्या सांगतो" म्हणाले होते, तो आकडा आता कोणीच सांगणार नव्हतं. बारमाही टायर, बर्फावरचा ब्रेक, आणि पुढे मोकळी जागा. छपाई थांबून राहिली होती. संपादक दारात येऊन उभे राहिले, नखं चावायला काही उरलं नव्हतं.

"मास्तर, काहीतरी घाला तिथे. नाहीतर एक रेघ मारा."

मी पेन्सिल टोकदार केली. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली, स्वतःचं एकही मासिकात घातलेलं नाही. एक शब्द लिहिला, खोडला, परत लिहिला. शेवटी आकडा न घालता एक ओळ लिहिली आणि पान त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी मोठ्याने वाचलं. "घाटात, गोठलेल्या रस्त्यावर, हा टायर थांबत नाही." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, हे कोण म्हणतं? चाचणी कोणी केली? उद्या कंपनी विचारेल."

"मी गाडीत होतो," मी म्हणालो.

संपादकांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. मग पान घेऊन छपाईकडे गेले. प्लायवूडच्या भिंतीपलीकडे अगदी शांत होतं.